शब्द अडला : ‘घारीसारखं चपळ यंत्र’

पाटीपेन्सिल : मंडळी, अडलेय. नायजेरियातल्या योरुबा भाषेत मुलांना कॉम्प्युटर शिकवणाऱ्या व्हिडिओंसाठी मराठी उपशीर्षकं लिहितेय. इंग्रजी संहिता हाताशी आहे, पण व्हिडिओतल्या बाई शब्द फोडून सांगू लागल्या की ती कामाची नाही. कॉम्प्युटर म्हणजे ‘एरो आयाराबीआशा’. एरो म्हणजे यंत्र, यारा म्हणजे चपळाई करणं, बी म्हणजे सारखं, आशा म्हणजे शिकारी पक्षी. मी लिहिलं ‘ससाण्यासारखं चपळ यंत्र’. तपासणाऱ्यांचा शेरा आला, "आशा म्हणजे परंपरा. कोश बघा." बघितला, तर परंपराही आहेच!

लागोस_रिटर्न : दोन्ही बरोबर, ताई. शेवटचा स्वर चढवला की पक्षी, पाडला की रीतभात. योरुबात तीन सूर आहेत, वरचा, मधला आणि खालचा. लिहिताना त्यांच्या खुणा देतात, पण फोनवर टाइप करणारा सगळ्या गाळतो. ‘ओको’ घ्या: सूर बदलत जा, नवरा, कुदळ, गाडी, भाला असं काहीही निघतं. मी एकदा ‘माझी गाडी कुठाय’ विचारायला गेलो आणि ‘माझा नवरा कुठाय’ विचारून बसलो. ड्रायव्हरने बिचाऱ्याने इकडेतिकडे पाहिलं.

खडूफळा : म्हणजे तपासणाऱ्यांच्या मते ‘परंपरेसारखं चपळ’ यंत्र! आमच्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरला चपखल बसेल.

जुनाजाणता : विनोद पुरे. इतकी फोड हवीच कशाला? मराठीत ‘संगणक’ हा सिद्ध शब्द आहे. तोच लिहा आणि मोकळ्या व्हा.

पाटीपेन्सिल : काका, संगणक लिहिलं तर बाई हात पसरून पक्षी का दाखवतायत, ते पोरांना कसं कळणार?

शेंगदाणा : आणि ससाणा का? घार का नको? ती आपल्या पोरांनी पाहिलेली तरी असते. ससाणा फक्त शालेय पुस्तकात.

जुनाजाणता : घारीचं चित्त पिल्लांपाशी! चपळाईला ससाणाच. त्यातही बहिरी ससाणा.

शेंगदाणा : ऐकू न येणारा?

जुनाजाणता : तो ‘बहरी’वरून आलाय, फारसीच्या वाटेने. कानांशी संबंध नाही.

खडूफळा : फारसी चालते तर कॉम्प्युटर का चालत नाही, काका?

(यानंतरचे अकरा प्रतिसाद शिकरा, बाज आणि कापशी यांवर आहेत. पक्षीमित्रांनी वेगळा धागा काढावा ही विनंती.)

अनुस्वार : मला या भाषेचा हेवा वाटतो. रेडिओला ‘असोरोमाग्बेसी’, म्हणजे बोलतो पण उत्तर घेत नाही तो. टीव्ही म्हणजे आवाज पकडतो, चित्र पकडतो ते यंत्र. वीज म्हणजे ‘इना मानामाना’, आभाळातल्या विजेची आग. शब्दातच धडा. आपण काय केलं? भ्रमणध्वनी! ऐकून कुणाला खिशात हात घालावासा वाटतो?

जुनाजाणता : आगगाडी, आगबोट, आगपेटी कुणी केल्या? आपल्याच लोकांनी. समितीने नव्हे, हे मात्र मान्य. माझी आजी ट्रान्झिस्टरला ‘बातम्यांचा डबा’ म्हणे. गाणी लागली की बंद करायची, डबा बिघडला म्हणून.

लागोस_रिटर्न : फार हेवा करू नका. सहा वर्षांत बाजारात मी कुणाच्या तोंडून आयाराबीआशा ऐकलं नाही. ‘कॉम्प्युटर’ आणि ‘फोनू’च. तो शब्द बातम्यांत आणि वर्गात.

अनुस्वार : मग वर्गात तरी आहे ना! 1970 साली तिथल्या इले-इफे शहरात शिक्षणतज्ज्ञ बाब्स फाफुन्वा आणि सहकाऱ्यांनी प्राथमिकची सहाही वर्षं गणित-विज्ञानासकट योरुबातून शिकवायचा प्रयोग केला. तेव्हा शब्द घडवावेच लागले. वापराशिवाय शब्द रुळत नाही आणि वर्गाशिवाय असल्या शब्दाला वापर नाही.

खडूफळा : बिट-बाइट शिकवायला तर त्यांच्या घरातच सोय आहे. इफा म्हणजे योरुबांची कौल लावायची पद्धत; तिच्यात आठ जागा, प्रत्येक जागी एक रेघ नाहीतर दोन. अशा आकृत्या, म्हणजे ओदू, एकूण 256. आठ बिटांचा बाइट हाच की! बाई तिथून सुरुवात का करत नाहीत?

लागोस_रिटर्न : वर्गातली निम्मी पोरं चर्चला जाणारी, उरलेली बरीचशी मशिदीत. कौलाचं नाव काढलं की पालक दारात.

पाटीपेन्सिल : पुढचा व्हिडिओ आकड्यांचाच आहे. त्यांचा एकोणीस म्हणजे ‘विसाला एक कमी’. पंचेचाळीस म्हणजे साठातून दहा काढून पन्नास, त्यातून आणखी पाच काढायचे.

शेंगदाणा : अहो, आपलाही एकोणीस तोच! एकाने ऊन वीस.

जुनाजाणता : पण आपण एकानेच थांबतो. अठराला ‘दोन कमी’ म्हणत नाही. आणि कृपा करून ‘एकुणीस’ लिहू नका, काल एका पाटीवर वाचलं.

शेंगदाणा : आमच्याकडे सगळे एकुणीसच म्हणतात. आम्ही काय नापास?

पाटीपेन्सिल : उद्या दुपारी फाइल द्यायचीय. घार लिहू का ससाणा?

खडूफळा : एकोणऐंशी की एकुणऐंशी, तेवढं आधी सांगा कुणीतरी.