शब्दचर्चा : 'कल्ट'ला पंथ म्हणावं का?

धरमपेठी : पडलेला सिनेमा, कुणाला ठाऊक नसलेली तबकडी, बंद पडलेलं मासिक. अशा चीजेवर जीव टाकणाऱ्या टोळक्याला 'कल्ट' म्हणतात आणि मराठीत सर्रास 'पंथ' छापतात. मला त्या प्रेमाची वाईट बाजू दाखवणारा शब्द हवाय. 'दर्दी' फारच गोड आहे.

पाठभेद : पंथ नको, भाऊ. विदर्भात तर नकोच. इथं पंथ म्हटलं की महानुभाव आणि त्यांचं तीर्थ रिद्धपूर आठवतात. ती आजची, चालती श्रद्धा आहे. मात्र तुमच्या मुद्द्याचा दाखला तिथंच आहे. सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत उतरवलेल्या त्यांच्या पोथ्या निष्ठेनं जपल्या गेल्या, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी लिपी उलगडेपर्यंत बाहेरच्या वाचकाला त्या जवळपास बंदच होत्या.

चपडा : एकच शब्द काऊन पाहिजे? खोड पाहून शब्द घ्या. तबकड्यांचंच सांगतो.

दुर्मिळ तबकडी दाबून ठेवणारा, कॉपीही न देणारा, तो 'धनावरचा भुजंग'. त्याच्याकडं एकुलती एक प्रत असेल आणि ती तडकली, तर गाणंच गेलं.

'असली मजा चावीच्या फोनोवरच' म्हणणारा 'नादिष्ट'. त्याच्या साउंडबॉक्सचा, म्हणजे सुई धरणाऱ्या डबीचा, तबकडीवरचा भार शंभर ग्रॅमच्या वर, आजच्या सुईच्या कार्ट्रिजचा प्लास्टिकच्या एलपी तबकडीवर दीड-दोन ग्रॅम. पोलादी सुई एका बाजूला एक, हा नियम. बोथट सुई खाच खरवडते आणि करड्या पट्ट्या उमटतात. उलट एलपीची सुई ७८ला, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीला, लावली तर ती रुंद खाचेच्या तळाशी लोळते, नुसती खरखर ऐकू येते. ७८ला साधारण ७५ मायक्रॉनची लागते.

अन् स्पिरिटनं पुसणारे तर विचारूच नका! ७८च्या तबकडीत लाख असते. सुतार चपडा, म्हणजे लाखच, स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो, मग तबकडीचं काय होईल? डिस्टिल्ड पाणी, साबणाचा थेंब, लेबल कोरडं. बस.

रामदासपेठ : यात 'पोथीनिष्ठ' जोडा. सगळ्यात जास्त भांडणं वेगावरून होतात. '७८ म्हणजे ७८' असा हट्ट, पण सुरुवातीच्या काळातल्या बऱ्याच तबकड्या सत्तर ते ऐंशीच्या दरम्यान कुठल्याही वेगानं भरलेल्या आहेत. ७४ची ७८वर फिरवली तर स्वर जवळपास अर्ध्या सुरानं चढतो. पेटीच्या काळी एक पट्टीतला गायक पांढरी दोनमध्ये ऐकू येतो. मग त्या पट्टीवरून लेख पाडले जातात आणि चूक दाखवणाऱ्याला गटाबाहेर काढतात. काही जुन्या तबकड्यांच्या शेवटी गायक आपलं नाव सांगतो. तो बोलण्याचा आवाज माणसाचा वाटेपर्यंत वेग हलवावा, त्याच बैठकीतल्या दुसऱ्या तबकडीशी पट्टी ताडावी.

धरमपेठी : भुजंग आणि पोथीनिष्ठ पटले. नादिष्ट मला जरा लाडिक वाटतो.

चपडा : लाडिक नाही बाप्पा, 'नादी लागणे' आठवा.

पाठभेद : आणि सगळ्या गटाला मिळून 'कंपू'. 'त्या सिनेमाचा कंपू' म्हटलं की आत कोण, बाहेर कोण हे आपसूक येतं. 'कल्ट सिनेमा' हे विशेषण मात्र तसंच राहू द्या. 'पंथीय सिनेमा' वाचून लोक देवळातला समजतील.