झाडीपट्टीची आहे, नाटकात एमए करायचंय. विद्यापीठात आमचं नाटक शिकवतात का?

बांधीतली पोर:
नमस्कार सगळ्यांना. मी झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या आणि जंगलाच्या भागातली, गडचिरोली जिल्ह्यात वडशाजवळच्या गावची, यंदा बीए संपतंय. वडसा माहीत नसेल तर सांगते, दिवाळी झाली की आमच्याकडे नाटक कंपन्यांची ऑफिसं उघडतात, गावोगावची मंडळं येऊन नाटक ठरवून जातात आणि मग होळीपर्यंत मंडई (गावची जत्रा) असो की शंकरपट (बैलांची शर्यत), रात्री नाटक पायजेच, तेही उजाडेपर्यंत. धान निघालेल्या बांधीत मंडप पडतो, लेकी माहेरी येतात, घरोघरी पाहुणे. माझे मोठेबाबा 30 वर्षांपासून प्रॉम्प्टर आहेत, म्हणजे विंगेतून नटांना वाक्यं सांगतात, मी विंगेत त्यांच्या बाजूला बसूनच मोठी झाली.

आता प्रश्न. पुण्याला किंवा मुंबईला एमए केलं तर तिथं आमचं नाटक शिकवतात का, की फक्त शहरातलंच? एका शिबिरात मी झाडीपट्टीचं नाव काढलं तर तिथल्या सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की ती ओव्हरअ‍ॅक्टिंग आहे, नाटक नाही. खूप वाईट वाटलं, मला उत्तरच देता आलं नाही. आणि माझ्या बोलण्यात मले-तुले येते, त्याचा त्रास होईल का? बाबा विचारतात पुढे नोकरी काय, तेही सांगा.

विंगेतला:
मी पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात शिकलोय, 1987 पासूनचा विभाग आहे, सतीश आळेकर सर अनेक वर्षं प्रमुख होते. खरं सांगायचं तर तुझं नाटक तिथे कुणी तयार ताटात वाढून देणार नाही. पण अंग, आवाज, लाइट, सेट, मेकअप, संहिता कशी वाचायची हे सगळं हाताने करून शिकशील, आणि वर्गात बसण्यापेक्षा तालमीतच जास्त वेळ जातो हे घरी आधीच सांगून ठेव.

त्या ओव्हरअ‍ॅक्टिंगबद्दल मला राहवत नाही म्हणून लिहितो. उघड्या मैदानात हजारो माणसं, शेवटच्या रांगेतल्या आजीला नटाचा चेहराही दिसत नाही, माइक वर टांगलेले, नटाला वाक्य म्हणायला त्या माइकखाली यावं लागतं. अशा जागी पुण्यातल्या दोनशे खुर्च्यांच्या हॉलसारखं हळू बोलून चालेल का? ती शैली जागेतून आलीय. नाट्यशास्त्रातलं लोकधर्मी (रोजच्या जगण्यासारखं) आणि नाट्यधर्मी (मुद्दाम ठरवलेल्या शैलीतलं) शिकलीस ना, की पुढच्या वेळी उत्तर देता येईल. आणि मले-तुलेची काळजी नको, प्रमाण भाषा वाचिकाच्या, म्हणजे बोलण्याच्या, तासाला येते, बोली मात्र कुठल्याच तासाला मिळत नाही, ती सोडू नकोस.

ढोलकी फड:
ताई मी नारायणगावचा, घरात तमाशा. पाडव्याच्या सुमाराला आमच्याकडे राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन जत्रेची सुपारी देतात, म्हणजे तुमच्या वडशासारखंच. मी मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत जाऊन आलो, कलिनाला. गण गौळण बतावणी वग हे तमाशाचे भाग मला घरूनच येत होते, सोंगाड्याचं टायमिंग कुठला वर्ग शिकवू शकत नाही, ते राहुटीत मार खाऊनच येतं. पण तिथं मला दशावतार, खडीगंमत, नमन-खेळे करणारी पोरं भेटली आणि पहिल्यांदा कळलं की आमचा तमाशा एकटा नाही. त्यासाठी तरी जा. फक्त एक, शिकून आल्यावर आपल्याच माणसांना तुम्ही चुकीचं करताय असं सांगायला लागू नका, असं झालेलं मी पाहिलंय, फडातली म्हातारी माणसं गप्प होतात.

खडू-फळा:
मी एका विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवते. पर्याय बरेच आहेत, पुणे झालं, मुंबईत अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, संभाजीनगरला नाट्यशास्त्र विभाग आहे, दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा 3 वर्षांचा डिप्लोमा आहे, त्याला पदवी आणि नाटकांत काम केल्याचा अनुभव दोन्ही लागतं. नोकरीचं म्हणशील तर नेटला, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षेला, परफॉर्मिंग आर्ट्स विषय आहे, नाटक त्यातच येतं. पण प्राध्यापकांच्या जागा फार कमी निघतात हे वडिलांपासून लपवू नकोस. शाळांमधून नाट्यशिक्षण, मालिका, डबिंग, प्रकाशयोजना यातूनच बहुतेक मुलं सुरुवातीला पोट भरतात.

मला मात्र तुझ्या प्रश्नातला प्रॉम्प्टर महत्त्वाचा वाटला. कोकणात दशावतारी नटाच्या हातात संहिता नसते, संवाद उभ्याउभ्या सुचतात. तमाशातली बतावणीही तशीच वाढते. तुमच्याकडे संहिता आहे, पण तालमी मोजक्या, म्हणून अख्खी रात्र प्रॉम्प्टरच्या आवाजावर तरलेली असते. मग नट ते वाक्य जसंच्या तसं घेतो की बदलतो? टाळी मिळाली तर पुढच्या गावात ते बदललेलं वाक्य वहीत येतं का? लावणी कुठे घालायची कोण ठरवतं? हा शोधनिबंधाचा विषय आहे आणि तो तुझ्याइतका जवळून कुणी लिहू शकणार नाही. 2023 मध्ये झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं, पण विंगेत वही धरून बसणाऱ्यांबद्दल किती लिहिलं गेलंय? मोठेबाबांच्या वह्या आहेत का अजून? असतील तर आजच फोटो काढ, एकही पान टाकू नकोस, आणि रेकॉर्ड करण्याआधी त्यांना नीट विचार, घरचे असले तरी.

बांधीतली पोर:
मॅडम, कालच पेटी उघडली. वह्या आहेत! एका वहीत समासात पेन्सिलीनं गावांची नावं आहेत, आणि काही वाक्यं खोडून वर दुसरी लिहिलेली. मी मोठेबाबांना विचारलं तर म्हणाले, हे वाक्य अमुक गावाले चाललं म्हणून मी तसंच ठेवलं. आणि मग रात्री दोन वाजेपर्यंत सांगतच राहिले, बाबापण येऊन बसले. मी पुण्याचा फॉर्म भरतेय. पण खालच्या 3 वह्यांना वाळवी लागलीय, पानं हात लावला की तुटतात, त्यांचं काय करू? उन्हात ठेवू की नको?