मुलुंडचा वन बीएचके विकायचाय, पोर्टलला पैसे भरून 'प्रीमियम' घ्यावं का?

मिठागर_रोड
नमस्कार मंडळी. मुलुंड पूर्वेला वडिलांची जागा आहे. कार्पेट ४१० फूट, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आम्ही बदलापूरला राहतो. दोन महिने झाले एका पोर्टलवर फुकटातली जाहिरात टाकून. किंमत १ कोटी ४ लाख. फोन आले ११, त्यातले ९ एजंट. आता पोर्टलवाल्या बाई रोज दुपारी फोन करतात, "सर, साडेसात हजारात तीन महिने टॉपला ठेवू, फोटोग्राफरपण पाठवू." बायको म्हणते, त्यापेक्षा भिंतींना रंग दे. कुणी भरलेत का पैसे? फरक पडतो का?

भांडुपची_बाई
भरलेत. गेल्या वर्षी सासूबाईंची जागा काढली तेव्हा, ६ हजार. पहिल्या आठवड्यात फोन असे वाजले की दोनदा भाजी करपली. मी शाळेत शिकवते, वहीत लिहायची खोड. एकूण ४१ फोन: २६ एजंट, चौघांना भाड्याने हवी होती, एकाला तर नाशिकचा प्लॉट मलाच विकायचा होता. प्रत्यक्ष बघायला आल्या ५ पार्ट्या. म्हणजे फोन वाढतात, खोटं नाही.

पण पाचही जण बाथरूमच्या भिंतीशी थांबले. ओल. फोटोग्राफरने ती भिंत इतकी सफाईने चुकवली होती की दारातून हसत आलेला माणूस तिथे पोचला की गप्प. नंतर ओलीसकट फोटो मीच मोबाइलवर काढून टाकले. माणसं कमी आली, पण आलेली बसून चहा प्यायली.

दुसरं तुमच्या किमतीचं. दादा, लोक 'एक कोटीपर्यंत' असं टाकून शोधतात. १ कोटी ४ लाखवाली जागा टॉपला असो नाहीतर तळाला, त्यांना दिसणारच नाही. आमची ८३ होती, साडेएकोणऐंशी केली. एवढी कमी करायचा धीर इंडेक्स टूमुळे आला, म्हणजे रजिस्टर झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा, किती रकमेला विकली ते त्यात असतं. आयजीआरच्या (सरकारी नोंदणी खात्याच्या) साइटवर ई-सर्च फुकट आहे. कॅप्चा डोकं खातो, पण चिकाटीने बसा. आमच्याच सोसायटीतले दोन व्यवहार सापडले आणि कळलं आपण हवेत आहोत. (कागदावरचीच रक्कम खरी, असं आपल्याकडे नेहमी नसतं, ते सोडा.)

शेवटी घेतली कुणी? दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या भाच्याने, सोसायटीच्या बोर्डावरचा कागद वाचून. अर्थात त्या कागदावर नवी किंमत होती, त्यामुळे श्रेय बोर्डाचं की किमतीचं, देव जाणे.

मिठागर_रोड
ताई, ओल आमच्याकडेही आहे, किचनला. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट अजून बाबांच्याच नावावर आहे, त्याने अडतं का? नॉमिनी मी आहे.

दोन_टक्केवाला
मी एजंट. त्या २६ मधला असेन कदाचित, शिव्या घाला. पण ऐका, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. भाऊबहीण आहेत का? आई? त्यांचाही हक्क लागतो. सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र रजिस्टर करा आणि सोसायटीत जागा तुमच्या नावावर करून घ्या. आज पार्टी बहुतेक लोनवालीच असते, आणि बँकेचा वकील भिंत बघत नाही, कागदांची साखळी बघतो. आत्ता पॅकेज घेतलंत तर कागद होईपर्यंत तीन महिने संपतील. पोर्टल तुमच्यासाठी थांबत नाही. शिवाय टोकन देऊन पार्टी मागे फिरली की बिल्डिंगभर चर्चा, 'त्या जागेत काहीतरी लोचा आहे.'

मिठागर_रोड
आई गेली, एक बहीण आहे पुण्याला. रविवारी जातो. पोर्टलवाल्या बाईंना 'दिवाळीनंतर बघू' म्हटलं. हे टाइप करतोय तोवर परत फोन: साडेसातचे साडेपाच झालेत.