कोलकात्याची मेट्रो, ट्राम आणि लोकल : तुमचे अनुभव लिहा

मेट्रो, ट्राम आणि लोकल तिन्ही एकाच शहरात, असं भारतात फक्त कोलकात्यात. नोकरी, शिक्षण, सासर, कशामुळेही तिथे राहिलेल्या मराठी मंडळींनी जरूर लिहा. एका गाडीतून उतरून दुसरी पकडताना काय होतं, ते मला जास्त वाचायचं आहे.

श्रीरामपूरहून (बंगालमधल्या) रोज : लोकलने हावड्याला उतरायचं आणि हुगळी नदी ओलांडायला बस नाहीतर लाँच, बरीच वर्षं हाच क्रम. मार्च २०२४ मध्ये हुगळीखालून मेट्रो सुरू झाली. नदीखालचे सुमारे ५२० मीटर पाऊण मिनिटात सरतात. वेळ जातो तो सरकत्या जिन्यांवर, कारण हावड्याचं मेट्रो स्टेशन फार खोल आहे. तरी मी मेट्रोच घेते. पावसाळ्यात पुलावर बस अडकली की लेटमार्क ठरलेला असायचा.

बऊबाजारजवळ राहिलेला : ऑगस्ट २०२५ मध्ये याच मेट्रोचा एस्प्लनेड ते सियालदह हा मधला टप्पा जोडला गेला आणि हावडा, सियालदह ही दोन्ही मोठी स्टेशनं एका मेट्रोवर आली. आनंद आहेच. पण २०१९ मध्ये याच टप्प्याचा बोगदा खणताना पाणी घुसलं, जमीन खचली. आमच्या मागच्या गल्लीतल्या लोकांनी अंगावरच्या कपड्यांनिशी घरं सोडली.

ट्रामप्रेमी : इथली ट्राम १८७३ ची, तेव्हा घोडे ओढायचे, १९०२ पासून विजेवर. ट्राममुळे रस्ता तुंबतो, हे मला मुळीच पटत नाही. बऱ्याच रस्त्यांवर रुळांना स्वतंत्र पट्टा होता. काँक्रीट घालून तो मोटारींना खुला केला, मग ट्राम अडकणारच! शिवाय थांबा रस्त्याच्या मधोमध. फुटपाथवरून ट्रामपर्यंत जायचं तर धावत्या गाड्यांमधून वाट काढा. सासूबाईंनी ट्राम सोडली ती यामुळेच. आता मोजकेच मार्ग उरलेत, आणि मेट्रो स्टेशनपर्यंत जायला म्हाताऱ्या माणसांना रिक्षा शोधावी लागते.

दमदमला बदलणारी : बनगाव लोकल सकाळी इथे निम्मी रिकामी होते आणि सगळा लोंढा मेट्रोकडे वळतो. नवीन असाल तर मेट्रोचं स्मार्ट कार्ड आदल्या संध्याकाळीच भरून ठेवा. लोकलचा पास मेट्रोत चालत नाही. तिन्ही गाड्यांना एकच तिकीट व्हायलाच हवं.