विषय: भाच्यासाठी विचारतेय – आयटी आउसबिल्डुंगचे साडेचार लाख?

प्रेषक: झिंडेलफिंगेनची मावशी

नमस्कार स्टुटगार्टकर मंडळी,

फराळाच्या ऑर्डरींच्या गर्दीत मध्येच घुसतेय, माफी असावी. माझा भाचा मिरजेला असतो. कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालाय आणि वर्षभर तिथल्याच एका इंटरनेटवाल्याकडे कामाला आहे. काम म्हणजे पावसात खांबावर चढून फायबर जोडायची आणि फोनवर 'राउटर बंद करून परत चालू करा' सांगायचं. आता त्याला एक एजंट भेटलाय. म्हणे, जर्मनीत नेटवर्किंगची आउसबिल्डुंग, म्हणजे कंपनीत काम करत शिकायचा तीन वर्षांचा कोर्स आहे, शिकताना पगार मिळतो, 'अ‍ॅडमिशन'चे साडेचार लाख. ताई पाटल्या मोडायला निघालीय. खरं आहे का हे?

प्रेषक: एस्लिंगेनकर

पाटल्या कपाटातच राहू द्यात.

मी गेली काही वर्षं कंपनीत आउसबिल्डर आहे, म्हणजे शिकाऊ पोरं माझ्या हाताखाली असतात. कोर्स खरा आहे. फाखइन्फॉर्माटिकर (आयटीतला तंत्रज्ञ), शाखा सिस्टेमइंटेग्राट्सियोन, म्हणजे नेटवर्क-सर्व्हर उभारणं-सांभाळणं. 1997 पासून चालू आहे, 2020 मध्ये अभ्यासक्रम नवा झाला. पण त्याला अ‍ॅडमिशन हा प्रकारच नाही. आधी कंपनी तुमच्याशी करार करते, त्या करारावर बेरूफ्सशूलेत (व्यवसाय शिकवणाऱ्या शाळेत) नाव लागतं आणि शाळेला फी नाही. तेव्हा एजंटाला एवढंच विचारा: कंपनी कुठली, आणि करार कुठाय?

पगाराचंही ऐका. 2025 मध्ये सुरू करणाऱ्याला पहिल्या वर्षी कायद्याने किमान 682 युरो, तेही कापाकापीच्या आधी. मोठ्या कंपन्या हजाराच्या वर देतात, पण तिथे अर्जांचा ढीग असतो. स्टुटगार्टात खोलीचं भाडं काय आहे ते तुम्हाला माहीतच आहे. पगार पुरत नसेल तर वरचे पैसे कुठून येणार ते व्हिसावाले विचारतात.

आणि भाषा. व्हिसाला साधारण बी-1 पातळीचं जर्मन चालतं, वर्गात ते तोकडं पडतं. परीक्षेचा पहिला भाग दुसऱ्या वर्षाच्या शेवटाकडे, त्याला एकूण गुणांपैकी 20 टक्के. शेवटी कंपनीतला खराखुरा प्रकल्प: 40 तासांत करायचा, लिहून द्यायचा आणि परीक्षकांसमोर उभं राहून 'हाच फायरवॉल का घेतला' याचं उत्तर द्यायचं. जर्मनमध्ये. गेल्या वर्षी माझ्याकडचा एक पोरगा सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे तुकडे पाडायचं गणित, तोंडी करायचा. /26 आकाराचा तुकडा म्हटलं की त्यात 62 होस्ट (जोडता येणारी यंत्रं), बोटं मोडायच्या आत. पण प्रकल्प लिहायला बसला की तासात चार ओळी.

प्रेषक: बोब्लिंगेनचे काका

डिप्लोमा झालेल्या पोराने पुन्हा शिकाऊ व्हायचं? वायरी ओढायला जर्मनी कशाला हवी? त्यापेक्षा पुण्यात थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग घे म्हणावं. (आणि वहिनी, चकली दोन किलो, मागच्या वेळी कमी पडली.)

प्रेषक: दुसऱ्या वर्षाची आउसबिल्डुंगवाली

काका, रागावू नका, पण वायरी मीच ओढते. पहिल्या महिन्यात पॅचफील्डला (नेटवर्कच्या वायरी जिथे येऊन जोडतात त्या पट्टीला) चाळीस जोडण्या केल्या, आठ उलट्या. मास्तरांनी सगळ्या उपटून पुन्हा करायला लावल्या. वायरींच्या रंगांचा क्रम, पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी... आता झोपेतही म्हणते. या वर्षी व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे आतले वेगळे कप्पे), सर्व्हर, बॅकअप माझ्याकडे आहेत. घरी आईबाबांनी सहा महिने नातेवाइकांना 'ती शिकतेय' एवढंच सांगितलं, काय शिकतेय ते गिळलं.

नेटवर्क अवघड नाही, अवघड आहे फोन. समोरचा अस्सल श्वेबिशमध्ये, इथल्या बोलीत, बोलतो आणि तक्रार प्रिंटरची आहे की बायकोची, हेच कळत नाही. शिवाय दर आठवड्याला काय शिकले ते बेरिश्ट्सहेफ्टमध्ये लिहायचं. ती वही पूर्ण नसेल तर परीक्षेलाच बसू देत नाहीत. भाच्याला आत्तापासून रोजच्या कामाच्या पाच ओळी जर्मनमध्ये लिहायला सांगा.

प्रेषक: एस्लिंगेनकर

काकांच्या प्रश्नात दम आहे, पण उत्तर वेगळं. पोराने आणखी अनुभव घेतला तर दुसरीही वाट आहे. आयटीत गेल्या पाच वर्षांपैकी दोन वर्षांचा जाणत्या कामाचा अनुभव असेल तर पदवीशिवाय कामाचा व्हिसा मिळू शकतो, जर्मनची अटही नाही. पण नोकरीची ऑफर लागते, पगार 2025 च्या हिशोबाने वर्षाला किमान 43,470 युरो. खांबावरच्या कामाला तेवढं कोणी देणार नाही. राउटिंग, स्विचिंग हातात असलं तर बोलणं होईल.

तोवर सीसीएनएची, म्हणजे सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग परीक्षेची, तयारी करू दे. सरावाचं सॉफ्टवेअर पॅकेट ट्रेसर फुकट आहे. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, त्यामुळे घाईने परीक्षा देऊन ते भिंतीवर टांगू नये. आउसबिल्डुंगच करायची असेल तर अर्ज एक वर्ष आधी. सप्टेंबरात सुरू करायची तर आदल्या शरदातच पत्रं गेलेली हवीत. अर्ज त्याने स्वतः करावेत.

प्रेषक: झिंडेलफिंगेनची मावशी

सगळ्यांचे आभार. एजंटाला कंपनीचं नाव विचारलं. 'ते गोपनीय असतं' म्हणाला. नंतर साडेतीन लाखांवर आला, मग त्याने फोन उचलणंच बंद केलं. पाटल्या ताईच्या हातात आहेत.

भाच्याने त्याचं पहिलं अर्जाचं पत्र पाठवलंय, सोबत जोडतेय. कोणी तपासून द्याल का? 'खांबावर चढून फायबर जोडली' हे वाक्य तीनदा खोडलंय, त्याला म्हणे ते जर्मनमध्ये फारच साधं वाटतंय.

काका, चकली दोन किलो लिहून घेतली.

प्रेषक: दुसऱ्या वर्षाची आउसबिल्डुंगवाली

पत्र माझ्याकडे द्या. ते वाक्य खोडू नका म्हणावं, सगळ्यात वर घ्या.