मुलीच्या हृदयाला छिद्र: छत्री की ऑपरेशन? लवकर सांगा

कात्रजकर: मुलगी 6 वर्षांची. शाळेच्या तपासणीत मर्मर (हृदयाच्या ठोक्यांत जादा आवाज) ऐकू आला, इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) 14 मिमीचं छिद्र निघालं. एक डॉक्टर म्हणतात मांडीतल्या शिरेतून नळी घालून छिद्र बंद करणारी छत्री बसवू, दुसरे म्हणतात ऑपरेशनच. सोमवारी कळवायचंय. कोणी करून घेतलंय का?

सई_वडगाव: एएसडी की व्हीएसडी? म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, की खालच्या? नुसत्या 14 मिमीवरून काय सांगणार?

भाऊ_हडपसर: ऑपरेशनच करा. माझं 1998 साली झालं, कायमचं बंद. शरीरात धातू ठेवायचा कशाला?

सई_वडगाव: भाऊ, तेव्हा पर्याय कुठे होता? एएसडीच्या छत्रीला अमेरिकेतच 2001 साली मंजुरी मिळाली. माझ्या भाचीला बसवलीय, तिसऱ्या दिवशी घरी. निकेल-टायटॅनियमची जाळी असते, काही महिन्यांत तिच्यावर अस्तर चढतं. पण खोट्या कानातल्यांनी मुलीचे कान चिघळत असतील, तर निकेलच्या अ‍ॅलर्जीचं डॉक्टरांच्या कानावर घाला.

निनाद७७: छत्रीच्या धातूमुळे विमानतळावर यंत्र वाजत नाही हो. आमची मुलगी दोनदा जाऊन आली.

भाऊ_हडपसर: विमानतळाचं कोणी विचारलंय?

आरती_सासवड: खर्चाचं सांगते. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मदत मिळते. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी, 10 टक्के दुर्बल घटकांसाठी. आम्हाला काउंटरवर 'खाट नाही' म्हणाले. धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज दिल्यावर मिळाली. रेशनकार्ड जवळ ठेवा.

कात्रजकर: एएसडी आहे, घाईत राहिलं. रिपोर्टात 'ऑस्टियम सेकंडम' आणि खाली 'आयव्हीसी रिम डेफिशियंट' लिहिलंय.

सई_वडगाव: अहो, सेकंडम म्हणजे पडद्याच्या मधल्या भागातलं छिद्र. पण ती खालची ओळच तर महत्त्वाची! छत्रीच्या दोन चकत्या छिद्राच्या कडा दोन्हीकडून धरून बसतात. खालच्या महाशिरेकडची, म्हणजे आयव्हीसीकडची, कडच तोकडी असेल, तर छत्री निसटायची भीती. दोघा डॉक्टरांचं दुमत बहुतेक तिथेच असणार. अन्ननलिकेतून इको केला का? टीईई?

कात्रजकर: नाही. फक्त छातीवरून.

सई_वडगाव: मग सोमवारी हो-नाही सांगूच नका. टीईई कधी करताय, ते विचारा. कडा नीट त्यात दिसतात. एएसडीला सहसा आठवड्या-दोन आठवड्यांची घाई नसते.

भाऊ_हडपसर: हे मात्र पटलं. आणि ऑपरेशन ठरलंच तर घाबरू नका. मी अजून दर रविवारी सिंहगड चढतो.

कात्रजकर: उद्याच फोन करतो. ती आत्ता अंगणात लंगडी घालतेय. थांबवू का?

सई_वडगाव: डॉक्टरांनी मना केलंय का? नसेल तर खेळू दे तिला.