पद्मिनी चढावर नॉकिंग करते, आधी टायमिंग की कार्बोरेटर? (ठाणे)

नमस्कार मंडळी,

वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे. १०८९ सीसी, पॉइंटवाला डिस्ट्रिब्यूटर (प्लगना स्पार्क वाटणारा भाग; पॉइंट म्हणजे त्यातले उघडझाप करणारे कॉन्टॅक्ट), सोलेक्स कार्बोरेटर. पॉइंट, कंडेन्सर आणि प्लग नवे टाकल्यापासून त्रास सुरू झालाय.

सकाळी चोक ओढला की लगेच चालू होते, आयडलिंगही बरं आहे. पण घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये रेस दिली की इंजिनातून टणटण आवाज (नॉकिंग) येतो. सिग्नल सुटल्यावर ॲक्सिलरेटर दाबला तर क्षणभर घुटमळते, मग उचलते. प्लग पांढरट निघाले.

मेकॅनिकने नुसतं कानाने ऐकून डिस्ट्रिब्यूटर थोडा फिरवला, म्हणजे टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) बदललं. नॉकिंग थांबलं, पण गाडी जड झाली आणि टेंपरेचर वर जायला लागलं. आता तो म्हणतो, ई२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलमुळे मिक्श्चर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होतंय, कार्बोरेटरमधला मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) मोठा टाकू. इथेनॉलने लीन होतं हे पटतं. पण पॉइंटचा गॅप त्याने अंदाजानेच ठेवलाय, मग जेट बदलून नेमकं काय सुधारलं ते कसं कळणार? वडिलांनी ही गाडी फार जपली आहे, प्रयोग नको वाटतात. ठाण्यात टायमिंग लाइट (टायमिंग तपासायचा दिवा) वापरणारं कुणी माहीत आहे का?

प्रतिसाद १:
दादा, जेटला अजिबात हात लावू देऊ नका. गॅप जास्त राहिला की पॉइंट लवकर उघडतात, स्पार्क लवकर पडतो आणि लोडवर नॉकिंग होतं. पांढरे प्लग त्यानेही होतात. आता डिस्ट्रिब्यूटर फिरवल्यावर टायमिंग मागे गेलंय, म्हणून गाडी जड आणि गरम.

आधी कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या भागाच्या) उंचवट्यावर फीलर गेजने (गॅप मोजायच्या पातळ पट्टीने) गॅप घ्या, मगच टायमिंग. लाइट नसला तरी चालतं. एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणा, पुलीची खूण जुळवा आणि डिस्ट्रिब्यूटरच्या टर्मिनलपासून अर्थला साधा बारा व्होल्टचा बल्ब जोडा. इग्निशन ऑन करून डिस्ट्रिब्यूटर हळूहळू फिरवा. बल्ब पेटतो त्या क्षणी पॉइंट उघडले, तिथेच घट्ट करा.

घुटमळण्याचं वेगळं बघा. इंजिन बंद, एअर फिल्टर काढा, थ्रॉटल हाताने ओढा. पेट्रोलची धार लगेच आली पाहिजे. उशिरा किंवा थेंब थेंब आली तर ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम गेलाय, किट टाका. मिक्श्चर स्क्रू सगळ्यात शेवटी, इंजिन गरम आणि चोक पूर्ण आत असताना.

गॅप किती निघाला ते इथे लिहा, पुढचं मग बघू.